कापश्याला आणायला गेलो तो दिवस

कापश्या हा बोकड होता, हे आधीच सांगून टाकते. माझ्या नातवंडांना मी त्याच्याबद्दल सांगू लागले की ती अर्ध्या गोष्टीपर्यंत त्याला कुत्रा समजतात आणि मग बोकड म्हटलं की फिदीफिदी हसतात. हसू देत. त्यांना घरातलं जनावर म्हणजे सोफ्यावर लोळणारं काहीतरी वाटतं. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत तेव्हा माणसांइतकीच जनावरं होती. म्हशी, कोंबड्या, तालमीच्या पोरांनी पाळलेला एक मेंढा, आणि या सगळ्यांना बाजूला सारत रस्त्याच्या मधोमध ऐटीत चालणारा आमचा कापश्या. सायकलवाला घंटी वाजवून थकला तरी हा बाजूला व्हायचा नाही.

अब्बा पिंजारी होते. जुन्या गाद्या उसवायच्या, आतला दडपलेला कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरून टाके घालायचे, हा आमचा धंदा. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत छताला टांगलेली धनुष्यासारखी लांबलचक पिंजण, आणि तिच्या ताणलेल्या तातीवर अब्बांचा लाकडी ठोका. ढुंग, ढुंग, ढुंग. सकाळी सुरू झालेला तो आवाज दुपारच्या भाकरीपर्यंत थांबायचा नाही. त्या आवाजावर कापश्या कान हलवत बसायचा आणि मला वाटायचं, त्याला गाणं आवडतं. तात बकऱ्याच्या आतड्याची असते हे मला फार उशिरा कळलं. कापूस तर घरभर. आमटीत कापूस, वेणीत कापूस, पाटीवर कापूस. वर्गातल्या मुली मला म्हातारी म्हणून चिडवायच्या, कारण मी शाळेत पोचायचे ती पांढऱ्या केसांनीच. आता खरोखरीच पांढऱ्या केसांनी हे लिहायला बसले आहे, आणि चिडवणाऱ्यांपैकी एकीचाही चेहरा मला धड आठवत नाही.

घरात आम्ही मराठीच बोलायचो. अब्बा मूळचे हातकणंगल्याकडच्या खेड्यातले, धोतर नेसणारे, पटका बांधणारे. मिरजेची आत्या आली की आमचं बोलणं ऐकून नाक मुरडायची, तुम्ही नुसते नावाचे मुसलमान म्हणायची. अब्बा हसायचे. पण नमाज चुकवायचे नाहीत, आणि खोटं बोलायचे नाहीत. हे दुसरं मी कौतुकानं सांगत नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "कापूस अजून दोन वर्सं निघंल न्हवं?" तर अब्बा म्हणायचे, "न्हाय निघायचा, मेलाय त्यो." गिऱ्हाईक गादी उचलून दुसऱ्याकडे जायचं, आणि अम्मा आतून भांडी आपटायची.

वडगावच्या बाजारातून अब्बांनी करडू आणलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पिशवीतून नुसतं डोकं बाहेर. खाली सोडलं तर थेट कापसाच्या ढिगात शिरलं आणि पांढऱ्यात पांढरं दिसेनासं झालं. म्हणून कापश्या. दोन वर्षं तो माझ्या ताटातली अर्धी भाकरी खाऊन वाढला. त्याला गूळ-भाकरी आवडायची, वांग्याची देठं आवडायची, अब्बांचे हिशेबाचे कागद तर फारच. अम्मा त्याला शिव्या द्यायची आणि पाठ वळली की चुलीजवळची पहिली भाकरी मोडून त्याच्यापुढे टाकायची. एकदा त्यानं शिंगं दारावर घासली तर अब्बांनी त्याला लांब बांधलं. "शिंग मोडता कामा न्हाय," ते म्हणाले. "कानाला, पायाला बी जप गं." मला वाटलं, काय जीव आहे अब्बांचा त्याच्यावर!

त्या उन्हाळ्यात मावशीचं लग्न झालं. चटणी कांडायचे दिवस, साऱ्या गल्लीत ठसका, प्रत्येक दारात लाल मिरच्या वाळत पडलेल्या. लग्नातली भिजवलेली मेंदी वाटीभर उरली. मी ती दोन्ही हातांना फासली, आणि मग कापश्याच्या कुशीवर उजवा पंजा दाबून धरला, चांगला घटकाभर. तोही शहाण्यासारखा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पांढऱ्या अंगावर माझी पाच बोटं लालभडक उठली होती. शेजारच्या हौसाक्कानं बघून तोंडाला पदर लावला. "आगं, भित्तीवर हात उठवत्यात, तू बोकडावर उठवलास व्हय!" हौसाक्का म्हणजे दोन म्हशींची मालकीण, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की रंकाळ्यापलीकडचा माणूस वळून बघेल. अम्मा मात्र हसली नाही. तिनं त्या पंजाकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं आणि ती आत गेली.

तो हरवला तो माझ्या चुकीनं. रंकाळ्याच्या काठाला मी त्याला चारायला न्यायचे. त्या दिवशी मैत्रिणी भेटल्या, आम्ही चिंचेखाली सागरगोटे मांडले आणि दावं मी दगडाखाली दाबलं. बोकडाचं दावं दगडाखाली! तो गेला तो एका बंगल्याच्या बागेत, तिथल्या गुलाबांवर. मालकानं नगरपालिकेच्या माणसांना बोलावून त्याला त्यांच्या हवाली केलं. हे सगळं नंतर कळलं. मी तेव्हा नुसती रडत, त्याच्या नावानं हाका मारत गल्ल्या पालथ्या घालत होते. तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी अब्बा कोंडवाड्यावर गेले तर तिथला कारकून म्हणाला, जागा नव्हती, बकऱ्या-बिकऱ्या बावड्याच्या बाजूच्या पांजरपोळात पाठवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो, अब्बा, मी आणि हौसाक्का. हौसाक्काला कुणी बोलावलं नव्हतं. "तुमाला बोलता येत न्हाय," ती अब्बांना म्हणाली, "मी येते." कसबा बावड्याकडे जाईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास, दोन्ही बाजूंना कापून नेलेल्या उसाची रानं, आणि मी पुढे पळत, मागे येत, पुन्हा पुढे. पिशवीत गूळ-भाकरी होती. तो सापडल्यावर आधी त्याला भाकरी द्यायची की आधी एक थोबाडीत द्यायची, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

पांजरपोळ म्हणजे दगडी भिंतीचं मोठं आवार. लंगड्या, भाकड गाई, डोळे गेलेला एक बैल. झाडाखाली खुर्ची टाकून तिथले व्यवस्थापक बसले होते. वयस्क, स्वच्छ धोतर, मऊ बोलणं. एका म्हाताऱ्या गाईला स्वतःच्या हातानं गूळ भरवत होते. त्या माणसाचा जनावरांवर जीव होता, हे मी आजही नाकारत नाही. तो ढोंगी असता तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

"तुमचा बोकड कशावरून?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायला थांबलेच नाही. आवाराच्या कोपऱ्यात गाईंच्या हौदाजवळ तो बांधला होता. माझी हाक ऐकून त्यानं असा काही हिसका मारला की दावं ताणून पुढचे पाय अधांतरी. मी धावत जाऊन त्याच्या कुशीवरच्या पंजावर माझा पंजा ठेवला. बोटाला बोट जुळलं. "बघा! माझाच हात हाय!" मी ओरडले.

व्यवस्थापक हसले. गड्याला म्हणाले, "सोड रे, पोरीचाच आहे." गडी वाकून गाठ सोडू लागला. हौसाक्काचं कुंकू आणि अब्बांचा पटका पाहून त्यांना आम्ही एकाच घरची वाटलो असणार. मग त्यांची नजर त्या पंजावर अडकली.

"मेंदी कशी काय लावलीस, बाळ?"

"लग्नातली उरलीती."

"नाव काय तुझं?"

"जैतून."

त्यांनी हात वर केला. गडी वाकलेला तसाच थांबला.

"असं आहे, पाहुणे," ते अब्बांना म्हणाले, अगदी हळू, समजावणीच्या सुरात. "ईद आता पंधरा दिवसांवर आली. या दिवसांत मेंदी लावलेला बोकड कुठं जातो हे मला ठाऊक आहे. तुमच्याशी माझं काही वैर नाही. पण इथं आलेला जीव मी सुरीखाली परत पाठवणार नाही."

हौसाक्का उसळलीच. "अवो सायेब, काय बोलताय ह्ये? पोरीच्या ताटात जेवतंय त्ये! लेकरावानी वाढवलंय तिनं. कोन कापतंय त्येला? माझ्या पोरांची शप्पत घेऊन सांगते!"

"शपथ नको, बाई. यांनी लिहून द्यावं." त्यांनी वहीतलं पान फाडलं, दोन ओळी लिहिल्या आणि मोठ्यानं वाचल्या. हा बोकड मी कापणार नाही आणि कापायला कुणाला देणार नाही. "इथं सही करा आणि घेऊन जा. मी अडवणार नाही."

अब्बांना सही येत होती. टाक त्यांच्या हातात होता. मी कापश्याच्या गळ्यात हात टाकून उभी होते आणि मनात म्हणत होते, करा, करा की सही, ऊन किती झालंय. अब्बा कागदाकडे बघत राहिले. बाहीला चिकटलेला कापूस बोटांनी ओढत राहिले.

"जनावर माझं हाय, ह्ये मी लिहून देतो," शेवटी ते म्हणाले.

"आणि हे?"

अब्बांनी टाक खाली ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. एवढंच. त्या एका नजरेत मला सगळं कळलं. शिंग मोडता कामा नये. कानाला, पायाला जप. अम्माचं त्या पंजाकडे बघणं.

व्यवस्थापक माझ्याकडे वळले. "तू सांग, बाळ. लहान मूल खोटं बोलत नाही. तू सांगशील ते मी मानीन, कागदसुद्धा नको. तुझे वडील याला कापणार आहेत का?"

लहान मूल खोटं बोलत नाही! मी तर दिवसाकाठी चार वेळा बोलायचे. दुधावरची साय कुणी खाल्ली, पाटी कुणी फोडली, सगळं मांजरावर. एक 'न्हाय' म्हटलं असतं तर दावं माझ्या हातात आलं असतं. हौसाक्का डोळ्यांनी खुणावत होती. कापश्या माझ्या पिशवीत तोंड घालून भाकरी शोधत होता. आणि अब्बा जमिनीकडे बघत होते. मी काय बोलेन याची त्यांना खात्री असावी, असं मला आजही वाटतं. त्यांच्या वाटचं खोटं मी बोलेन, तर ती पोरीची जीभ, त्यांची नव्हे.

"व्हय," मी म्हटलं. "कापणार हाईत."

"आगं भवाने!" हौसाक्का किंचाळली. व्यवस्थापकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शाबास, खरं बोललीस," म्हणाले, आणि गाईसाठीच्या गुळातला एक खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो घेतला. माझ्या बापाला एका परक्या माणसापुढे खाली बघायला लावून मी बक्षीस घेतलं. कापश्याला भाकरी द्यायची राहूनच गेली. आम्ही फाटकाबाहेर पडलो तरी त्याचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि त्या ओरडण्यात काही समंजसपणा नव्हता, नुसतं मला टाकून कुठं चाललीस, एवढंच होतं.

वाटेत हौसाक्का अब्बांवर बरसली. "एक सही! एका सहीनं काय हुतंय वो? आमच्या दिराच्या घरात जत्रंला दरसाली तीन कापत्यात, आमाला कोन इचारतंय? मी एकली आले आसते तर हसत दावं दिलं आसतं त्येनं माझ्या हातात!"

"खरं हाय, अक्का," अब्बा म्हणाले. "माझ्यापायी तुमी पोरांची शप्पत घेतली, ते मी इसरणार न्हाय. पन करडू घेतलं तवाच मी कुर्बानीची नियत केली. वर एक सांगायचं आन कागदावर दुसरं लिवायचं, ते मला जमत न्हाय."

नियत म्हणजे मनात देवाला दिलेला शब्द. तो त्यांनी दिला होता, माझ्या ताटातल्या भाकरीवर वाढणाऱ्या जिवाचा, मला न विचारता. आणि कुर्बानीचं जनावर अव्यंग लागतं, घरात लाडानंच वाढवायचं असतं, ज्याच्यावर जीव जडला तेच द्यायचं असतं. म्हणजे माझा लाडसुद्धा त्या शब्दातच धरलेला होता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक असावं, असा संशय मला अलीकडे येतो. अकरा वर्षांची पोर, गल्लीतल्या घरोघरी दरवर्षी काय होतं ते बघणारी. न समजण्याइतकी मी खुळी नव्हते. समजून घ्यायचं नव्हतं, इतकंच.

अब्बा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. गादीला टाके घालताना कोपरा धरायला ते मला हाक मारायचे, ती बंद झाली. आता अम्मा धरायची. ईद आली. नवा कपडा घालून अब्बा नमाजाला गेले, आले, आणि पिंजणीखाली नुसते बसून राहिले. त्या वर्षी आमच्या घरी कुर्बानी झाली नाही. दुपारी खेड्यातून चुलत्यानं मटण पाठवलं. अम्मानं सुकं खोबरं भाजून रस्सा केला. मी खाणार नाही असं आदल्या रात्री ठरवलं होतं. दोनदा मागून घेतला. हे लिहायला नको होतं, पण आता लिहिलं.

ईद सरली तसं माझ्या डोक्यात शिरलं की आता भीती गेली. आता अब्बांना सही करायला काय हरकत? पुढच्या ईदपर्यंत वर्ष आहे. पण आधी कापश्याला बघून यावं म्हणून एका सकाळी घरात न सांगता मी एकटीच बावड्याला चालत गेले. व्यवस्थापक नव्हते. तोच गडी झाडाखाली बसला होता. मला त्यानं ओळखलं, आणि उठून उभा राहिला. मोठा माणूस लहान पोरीला बघून उठतो तेव्हा काहीतरी वाईट असतं, हे मला तेव्हाच समजलं.

"आगं, ते लई उड्या मारायचं," तो म्हणाला. "भित्तीवरनं पळायला बघायचं. म्हनून आखूड बांधलं हुतं हौदापाशी. मी दोन दिस लग्नाला गेलतो गावाला. गाईंचं सगळं हुतंच वेळच्या वेळी..." तो थांबला. मी हौदाकडे पाहिलं. गाईंच्या उंचीचा दगडी हौद, काठोकाठ भरलेला. खालच्या कडीला ते आखूड दावं अजून तसंच होतं. मी जाऊन ते हातात धरलं आणि तिथंच खाली बसून पाहिलं, माझं तोंड पाण्यापर्यंत पोचतंय का ते. नाही पोचलं. "बादली ठेवायला सांगितलं हुतं मी दुसऱ्याला," गडी मागून म्हणत होता, "त्यो इसरला बग." आता तिथं भिंत नाही, आवार नाही, रांगेनं घरं आहेत. आमच्या सुनेचं माहेर त्याच बाजूला आहे. मी तिथं फारशी जात नाही. गुडघे दुखतात असं सांगते.

घरी आले तर अब्बा कापूस पिंजत होते. मी उंबऱ्यात उभी राहून सांगितलं, एका दमात, बांधलेलं दावं, हौद, लग्नाला गेलेला गडी, सगळं. त्यांना लागावं म्हणूनच सांगत होते. तुम्ही सही केली नाहीत म्हणून, असं म्हणायचं माझ्या जिभेवर होतं, आणि मी 'व्हय' म्हटलं म्हणून, हेही तिथंच होतं, त्यामुळे दोन्ही बाहेर पडलं नाही. अब्बांचा ठोका हवेतच राहिला. तात थरथरत थांबली.

"तहानेनं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

मग ठोका बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, कापूस मिशांना लागला तो तसाच राहिला.

"कापायच्या आदी पानी पाजत्यात, जैतू," ते म्हणाले. "पोटभर. मान वर करंस्तवर थांबत्यात. मी पाजलं आसतं त्येला."